हक्काचा रविवार

साळवेकाका आयुष्यात एकही संप जिंकले नाहीत. हे मी त्यांच्यामागे बोलत नाहीये. ते स्वतःच सांगायचे, आणि अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला आपण उगाच जिंकत आलो असं वाटावं.

बदलापूरला, कुळगावात, आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर होतं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून काका मला 'बाई' म्हणत. ते स्वतः अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात होते आणि तिथल्या युनियनचे पुढारी होते. आम्ही राहायला आलो तोवर कारखाना बंद पडून बरेच दिवस झाले होते, पण काकांची ड्यूटी काही सुटली नव्हती. सकाळी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि निघाले लेबर कोर्टात. संध्याकाळी परत येताना जिन्यात भेटले की मी विचारायचे, "काय झालं काका?"

"तत्त्वतः मान्य," ते म्हणायचे आणि किल्लीसाठी खिसे चाचपायचे.

हे 'तत्त्वतः मान्य' आम्ही एकदा जवळून पाहिलं. इमारतीला पाणी पुरत नव्हतं. टाकीच्या खोलीची चावी पाटलांकडे असायची. इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती पाटलांच्या वाडवडिलांची भातशेती, त्यामुळे सोसायटीचे अध्यक्ष तेच, आणि निवडणूक वगैरे भानगड नव्हती. काकांनी सगळ्या बायकांना हंडे घेऊन पाटलांच्या दारात नेलं आणि पायरीवर उभं राहून भाषण केलं. "मुद्दा क्रमांक एक," अशी त्यांची सुरुवात असायची. मुद्दा क्रमांक दोन आम्ही कधी ऐकला नाही, कारण पहिलाच संपायचा नाही. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, सगळ्यांना थंडा पाजला आणि म्हणाले, "व्हईल, व्हईल." काकांनी वळून जाहीर केलं की मागणी तत्त्वतः मान्य झाली आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि रिकामे हंडे घेऊन घरी आलो. त्यानंतर पाटील आणि काका यांच्यात संबंध उरला तो एवढाच, की जिन्यात हे 'जय भीम' म्हणायचे, ते 'राम राम' म्हणायचे, आणि दोघंही भिंतीकडे बघत पुढे जायचे.

कामगारांच्या हक्कांवर काका आमच्या दारात उभे राहून तासभर बोलू शकत. तेवढ्या वेळात समोर त्यांच्याच घरात यमुनाकाकू पाणी भरत, चपात्या लाटत, आणि मग जमिनीवर बसून जीन्सच्या पँटींचे धागे कापत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका वर्कशॉपमधून त्या पँटींचे गठ्ठे यायचे. कारखाना बंद पडल्यापासून घर त्या धाग्यांवर चाललं होतं. काका त्याला 'तिचा टाइमपास' म्हणायचे. पाणी प्यायचं असलं की ते नुसता हात पुढे करत. हातात पेला यायचा. तो कुठून येतो, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

मग त्यांचे डोळे पिवळे झाले.

आधी कावीळ समजून सगळ्यांनी मुळा आणि उसाचा रस पाजला. कोणीतरी कॅम्प चारच्या वैद्याकडे नेलं. मग त्यांच्या मुलाने, प्रशांतने, त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवलं. पोटात, स्वादुपिंडाला कॅन्सर होता, आणि पसरलेला होता. नळी घातली, इंजेक्शनं झाली. एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी प्रशांतला एकट्याला आत बोलावून सांगितलं, की आता इंजेक्शनांनी फक्त त्रास वाढेल. घरी न्या, दुखू देऊ नका, आरामात ठेवा. आणि तुमच्या भागात घरी येऊन असे पेशंट बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत, त्यांना बोलवा. प्रशांतने यातलं 'घरी न्या' एवढंच ऐकलं. त्याचा अर्थ त्याने लावला, की यांनी हात वर केले.

घरी आणल्यावर पलंग बाहेरच्या खोलीत टाकला, कारण आतल्या खोलीत हवा नव्हती. प्रशांत कॉल सेंटरला होता, तिथलीच भाषा तो घरात बोलायचा. "पप्पा, टेन्शन नाय घ्यायचं. आपण फाइट मारायची." काकूंना त्याने बजावून ठेवलं होतं, पप्पांना काही कळता कामा नये. त्यामुळे घरातली सगळी महत्त्वाची बोलणी मोरीत, दार लावून, नळ सोडून होत.

मी एकदा पेज घेऊन गेले तेव्हा मोरीत नळ चालू होता. काका मला जवळ बोलावून म्हणाले, "बाई, मॅनेजमेंट दार लावून बोलायला लागली की समजायचं, कंपनी बंद होणार."

"मग तुम्ही काकूंना सांगत का नाही, की तुम्हाला माहीत आहे?"

"तिला वाटतं मला माहीत नाही. तेवढा तिला आधार आहे. तो कशाला काढून घेऊ?"

दोन दिवसांनी काकू आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "त्यांना सगळं कळलंय हो बाई. पण मी दाखवत नाही. त्यांना वाटतं मला माहीत नाही की त्यांना कळलंय."

मी विरजण दिलं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. कोणी गव्हांकुराचा रस सांगे, कोणी कुठल्याशा बाबाची राख देई, आणि सगळे निघताना एकच वाक्य म्हणत, "काही लागलं तर सांगा." काका सुरुवातीला नुसती मान हलवत.

दुखणं मात्र वाढत गेलं. पाठीतून पोटात आरपार जायचं. ते उशी पोटाशी धरून वाकून बसत, कारण आडवं होता येत नव्हतं. ओरडत नसत. एका दुपारी भारनियमनात पंखा बंद होता, काकू पुठ्ठ्याने वारा घालत होत्या, आणि काकांनी टॉवेलचं टोक दातात धरलेलं मी पाहिलं. त्या दिवशी काकू माझ्या दारात आल्या. डोळे कोरडे होते.

"प्रशांतला फोन लावून द्या बाई. त्या मोठ्या डॉक्टरांनी कोणाचं तरी नाव दिलं होतं म्हणे. ते काढ म्हणावं."

प्रशांत फोनवर तडकलाच. "आई, ते लोक मॉर्फिन देतात. लास्टला देतात ते! एकदा चालू केलं की खल्लास." पाटलांपर्यंतही बातमी गेली. ते मला जिन्यात म्हणाले, "बाई, आयकलाव मी. ती डॉक्टरीन म्हंजे मारायलाच येते. तुमी शिकल्या-सवरल्या, तुमी सांगा त्यांना."

काकूंनी कोणाचं ऐकलं नाही. त्या मोरीत गेल्या नाहीत, नळ सोडला नाही. काकांच्या समोर उभं राहून मुलाला म्हणाल्या, "तुला फाइट मारायची तर तू मार. यांचं दुखणं थांबव."

डॉक्टर आल्या त्या कल्याणहून, पाठीला सॅक लावून. प्रशांतहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी आधी काकांनाच विचारलं, "कुठे दुखतं? कसं दुखतं? झोप लागते का?" इतके दिवस हे प्रश्न प्रशांतला विचारले जात होते. काका क्षणभर गोंधळले, मग मोकळे झाले.

"सवय लागते म्हणतात या गोळीची," ते म्हणाले. "व्यसन."

"दुखण्यासाठी, ठरलेल्या वेळेला, मी सांगेन तेवढी घेतलीत तर व्यसन लागत नाही. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ती मनाने एकदम बंद करायची नाही. पोट साफ होणार नाही, त्याचं औषध बरोबर देते. पहिले काही दिवस झोप येईल, मळमळेल."

प्रशांत मध्ये पडला. "पण डॉक्टर, याने पप्पा लवकर…"

"दुखत ठेवलं म्हणजे माणूस जास्त जगतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आजाराचं मी आत्ता बोलत नाही. दुखणं कमी करू शकते."

काका एवढा वेळ पुढाऱ्याच्या नजरेने त्यांना बघत होते. "मॅडम, मुद्द्यावर या. दुखू नये, एवढीच मागणी आहे. मान्य आहे, की तत्त्वतः मान्य आहे?"

डॉक्टरांना त्यातली गंमत माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजपासून सुरू करू. परवा सकाळी मी फोन करते. कमी नसेल तर डोस बदलू. पुन्हा बदलावा लागला तर पुन्हा."

काका माझ्याकडे वळले. "बाई, ऐकलंत? तारीख दिली! आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने तारीख दिली."

निघताना डॉक्टर काकूंकडे वळल्या. "तुम्ही कशा आहात?"

"रात्री दोनदा उठतात ते. जेवण अगदीच…"

"त्यांचं नाही. तुमचं विचारतेय."

काकूंनी मागे वळून बघितलं, जणू त्यांच्या पाठीमागे आणखी कोणी उभं आहे. मग म्हणाल्या, "मला काय झालंय?" आणि चहा ठेवायला आत गेल्या. काका त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले.

गोळीने दोन-चार दिवसांत काका आडवे झोपू लागले. मारायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना जेवायला लावलं, पेपर वाचायला लावलं आणि भांडायच्या ताकदीला आणलं. आणि पलंग बाहेरच्या खोलीत असल्यामुळे त्यांना उभ्या जन्मात न दिसलेली गोष्ट दिसू लागली: आपल्या घरात दिवसभर काय चालतं. मला म्हणाले, "बाई, ही सकाळी पाण्याला उठते ती बसतच नाही. मला पुसते, कुशीवर वळवते, चादर धुते, पेज गाळते, वर त्या पँटी. काल भाताचा टोप हातात धरून उभ्या उभ्या डोळा लागला हिचा. आमच्या कंपनीत असं कोणी राबवलं असतं तर मी गेट बंद पाडलं असतं."

"काका, ही कंपनी तुमचीच आहे," मी म्हटलं.



त्या आठवड्यात त्यांनी प्रशांत, काकू आणि साक्षीदार म्हणून मला समोर बसवलं. "मुद्दा क्रमांक एक. यमुनाला आठवड्याची सुट्टी. पूर्ण दिवस. मुद्दा क्रमांक दोन…" आम्ही सगळेच सावरून बसलो. "तिच्या जागी प्रशांत."

काकू संतापल्या. "मी काय मोलकरीण आहे सुट्टी घ्यायला?"

"मोलकरणीला सुट्टी असते," काका म्हणाले.

वारावरून थोडी ओढाताण झाली. एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे काकांना शुक्रवारच हवा होता. पण प्रशांतला रविवारीच मोकळीक असायची. काकांनी रविवार कबूल केला आणि ही शेवटची माघार असल्याचं सांगितलं.

पहिल्या रविवारी काकू इस्त्रीची साडी नेसून घराबाहेर पडल्या, जिन्याचा चौक ओलांडला आणि आमच्याकडे येऊन दाराकडे तोंड करून बसल्या. समोरून "पप्पा, कंबर वर घ्या ना" असं ऐकू आलं की अर्ध्या उठत. आत प्रशांतची परीक्षा चालली होती. प्रत्येक औषधासाठी, प्रत्येक तपासणीसाठी झगडायला तयार असलेल्या मुलाने वडिलांखालची चादर कधी बदलली नव्हती. काका त्याला शिकवत होते, "आधी मला कुशीवर कर. हां. आता चादर गुंडाळ. घाबरतोस काय, बापच आहे तुझा." थोड्या वेळाने तिकडून दोघांचं हसू आलं. काकू म्हणाल्या, "बाई, दार लावता का?" मी दार लावलं. त्या सतरंजीवर आडव्या झाल्या आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उठल्या नाहीत.

बोभाटा व्हायचा तो झालाच. काकूंचे भाऊ कॅम्प पाचहून आले आणि बहीण दिसेना.

"ताई कुठाय?"

"सुट्टीवर," काका म्हणाले.

"नवरा असा पडलाय आणि बायको सुट्टीवर? लोक काय म्हणतील भावजी?"

"लोक म्हणतात, काही लागलं तर सांगा. तुम्हीही मागच्या वेळी म्हणालात. लागलंय. मोरीत चादरी भिजत घातल्यात, तेवढ्या पिळून वाळत टाका."

मामांनी टाकल्या. सफारी सूटच्या बाह्या वर करून. तेव्हापासून काकांनी हे सर्वांना लागू केलं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम मिळायचं: गिरणीतून दळण आणा, पाय चोळा, रेशनच्या रांगेत जा. गव्हांकुरवाले आपोआप बंद झाले. निम्मे पाहुणे गळाले, उरलेले कामाला आले.

पाटील एका रविवारी बघायला आले. त्यांच्याही तोंडून ते वाक्य सवयीने गेलं. काकांनी गालावरून हात फिरवला. "दाढी वाढलीय. प्रशांत कापतो मला."

"मना नाय जमनार वो साळवे. मी काय कोनाची दाढी केलीय कवा?" पाटील म्हणाले. पण बघत राहिले. काका रोज दाढी करणारा माणूस, त्यांचे खुंट पांढरे झाले होते. पाटलांनी हातातलं सोन्याचं कडं काढून खिडकीत ठेवलं आणि ब्रश हातात घेतला. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत असावेत. फेस लावून झाल्यावर काका तोंड न हलवता म्हणाले, "पाण्याचं काय झालं?"

"गप ऱ्हावा. कापंल," पाटील म्हणाले. पुढचे सगळे रविवार ते आले. पाणी तेवढंच यायचं.

एका रविवारी काकू आमच्याकडे आल्या नाहीत. बहिणीकडे नाहीत, भावाकडे नाहीत. प्रशांत दारातून आत-बाहेर करत होता, मी काकांजवळ बसले होते. काका मात्र खुशीत. "हक्काची रजा आहे. कारण विचारायचं नाही."

दुपार टळल्यावर त्या आल्या. चपला काढल्या, पाणी स्वतः घेऊन प्यायल्या आणि पलंगाशी बसल्या.

"अंबरनाथला गेले होते. तुमच्या कंपनीवर."

काका ताठ झाले. "तिथे कशाला?"

"इतकी वर्षं डबा भरला. तो कुठे जायचा ते बघितलं नव्हतं."

"मग? गेट आहे? आमचा झेंड्याचा खांब गेटच्या उजव्या हाताला…"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता 'आहे' म्हणतील. आजारी माणसाला आपण जे म्हणतो ते.

"नाही हो. खांब नाही, गेट नाही. लग्नाचा हॉल झालाय तिथे. आज हळद होती कोणाची तरी. मला बसवून लाडू दिला त्यांनी."

काका हसायला लागले, पोट धरून, दुखेपर्यंत. "म्हणजे कोणाला तरी खायला मिळालं तिथे." हसू ओसरल्यावर त्यांनी काकूंचा हात धरला. आमच्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"तिथलं खरं सांगितलंस. आता इथलंही सांग."

प्रशांत "पप्पा" म्हणाला, पण काकूंनी त्याला हाताने थांबवलं.

"आजारावर आता औषध नाही, असं म्हणालेत डॉक्टर."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे ते मला माहीत होतं."

"अगं मग मोरीतला नळ कशाला सोडत होतात? आधीच पाणी नाही!"

आणि तेव्हा काकू रडल्या. प्रशांतही रडला. काका त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मी उठून आमच्या घरी आले.

पुढे काही आठवडे गेले. त्यात वाईट दिवसही होते. गोळीचा डोस तीनदा बदलावा लागला, पोटात पाणी झालं, ते काढावं लागलं. काकांनी त्या दिवसांत सांगून ठेवलं की मला पुन्हा मुंबईला नेऊन काचेच्या खोलीत ठेवायचं नाही. प्रशांतने ते मान्य करायला वेळ घेतला, पण केलं. काका गेले ते एका मंगळवारी, घरीच. मी शाळेत होते. परत आले तेव्हा मामा एकाला सांगत होते की नवरा असा पडलेला असताना ताई गावभर फिरायची, आणि दुसऱ्याला सांगत होते की भावजींची सेवा आम्ही सगळ्यांनी मिळून केली. पाटील जिन्यात उभे होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाई, त्या डॉक्टरीनबाईचा नंबर असंल ना तुमच्याकडं? आमची आय लय कण्हते वो."

मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या रविवारी. ते बहुतेक वेळ झोपेतच असायचे. डॉक्टरांनी येऊन सगळ्यांना नीट सांगितलं होतं, की आता असंच होत जाईल, श्वास बदलेल, घाबरू नका, खायला कोंबू नका. मी दुपारी गेले तर प्रशांत ओल्या कापसाने त्यांचे ओठ ओले करत होता आणि काकू पाहुण्यांच्या खुर्चीत, बाहेर जायच्या साडीत बसल्या होत्या.

काकांनी डोळे उघडले. "वार कोणता?"

"रविवार," काकू म्हणाल्या.

"मग तू इथे कशी?"

"सुट्टीच आहे मला. मनात आलं, इथे येऊन बसावं."

प्रशांतच्या हातातली कापसाची वाटी कलंडून पाणी चादरीवर सांडलं, काकू सवयीने उठायला गेल्या, आणि थांबल्या. प्रशांतने ते पुसलं.

"खुर्ची जवळ घे," काका म्हणाले.

काकूंनी खुर्ची ओढून घेतली. हात मांडीवर होते, त्यांत काही नव्हतं. मी दार लोटून घेतलं.